हात म्हणजे नुसती दोरी, भो

अमळनेर, डिसेंबर

प्रिय भावड्या,

तुझा फोन आला तेव्हा हाताला चॉक होता, म्हणून 'नंतर बोलू' म्हणालो. ते नंतर काही आलंच नाही.

पाच महिने माझं स्नॅच, म्हणजे वेटलिफ्टिंगमधला जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर बार उचलायचा प्रकार, ७० किलोवर अडकलंय. खांद्यावर बार घेऊन उठाबशा, म्हणजे स्क्वॉट, मात्र १०० वरून १२० वर गेलं. मग ही वाढलेली ताकद जाते कुठे? शेवटी बाजूने मोबाईल लावून शूटिंग केलं, हळू करून पाहिलं आणि लाजच वाटली. बार गुडघ्याच्या वर येतो न येतो, तोच माझी कोपरं वाकतात! पायांचा जोर तिथेच गळतो, बार अंगापासून लांब जातो आणि मी त्याच्यामागे पुढे उडी मारतो.

खरं तर गुडघ्यापर्यंत बार सावकाश आणायचा. मग धड सरळ होताना गुडघे आपोआप थोडे परत वाकून बारखाली सरकतात. ते मुद्दाम वाकवायचे नसतात, घाई न करता त्याची वाट पाहता आली पाहिजे. तिथून पाय आणि कंबर एकदम सुटतात, आणि वर जाणारा बार मंदावतो त्या क्षणात आपण त्याच्याखाली शिरायचं. बार डोक्यापर्यंत ओढत न्यायचाच नसतो. खाली शिरेपर्यंत हात म्हणजे नुसती दोरी. बाजारात कापसाचं गाठोडं उचलणारा हमाल पाहा, गाठोडं छातीला चिकटलेलं आणि जोर सगळा मांड्यांचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आठवतं, मे महिन्यात पत्र्याखाली आपण रोज मॅक्स मारायचो, म्हणजे झेपेल तेवढं जास्तीत जास्त वजन उचलायचो? बल्गेरियाचा कोच अबाजिएव्ह, त्याच्या रोज मॅक्सच्या पद्धतीचं खूळ! त्याच्या पोरांना दिवसभर दुसरं काम नव्हतं. आपण शेतातून येऊन बार धरायचो. तुझं मनगट त्यातच गेलं.

मीराबाई चानूचंच बघ. ४९ किलो गटात टोकियो ऑलिंपिकला स्नॅच ८७, आणि क्लीन अँड जर्क, म्हणजे आधी खांद्यावर नि मग डोक्यावर असं दोन टप्प्यांत, ११५. दोन्हींत २८ किलोंचा फरक! तिचंही स्नॅच मागेच राहायचं. तिथे ताकद कमी नव्हती, खांद्याची तक्रार होती.

सध्या ४० किलोच लावतो. गुडघ्याशी तीन सेकंद थांबून पुल, म्हणजे नुसतं वर ओढणं, मग हँग स्नॅच, म्हणजे जमिनीवरून न घेता मांडीपासून स्नॅच. अंगठा बोटांखाली दाबून बार धरायच्या हुक ग्रिपने अंगठ्याची साल निघाली, टेप गुंडाळतो. आता बार कमरेला घासतो, टी-शर्टवर काळा पट्टा उमटतो, आणि आई रोज विचारते, "काय करी ऱ्हायना रे भो, कपडे कोन धुई?"

भरताची वांगी आलीत. मनगट बरं असेल तर संक्रांतीला ये, बारऐवजी काठी घेऊनच सुरू करू.

तुझा,
भाऊ