गायमुखचा चढ आणि गाडीचं अपडेट

ठाणे,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेटसाठी बोलावलंय पण मी गाडी नेणार नाही, तुझ्या गाडीचं काय झालं ते बघितलं ना. घरात पाहुणे होते म्हणून नीट बोलता आलं नाही. तुला अर्धीच गोष्ट माहीत आहे, आणि ती अर्धी मीच तावातावाने सांगितली होती. म्हणून हे पत्र.

अपडेट झालं त्याच आठवड्यात रविवारी आईला घेऊन विरारला जीवदानीला निघालो. घोडबंदर रोडला गायमुखपर्यंत गाडी छान चालली. चढ लागला आणि तिने दमच सोडला. तिसरा गिअर, पाय तळाला टेकलेला, तरी इंजिनच्या फेऱ्यांचा काटा २०००च्या पुढे सरकेना. मागे कंटेनरचा हॉर्न. आई दरवाजाची मूठ धरून गप्प बसलेली. तिचं ते गप्प बसणं मला फार लागलं.

सोमवारी सर्व्हिस सेंटरला गेलो. चेक इंजिनचा दिवा नाही, स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही. "चार दिवस चालवा, सेट होईल," असं तिथला मुलगा म्हणाला आणि मी त्याला सगळ्यांसमोर नको ते बोललो.

मग वागळे इस्टेटमधल्या आपल्या मेकॅनिक काकांकडे गेलो. मी अपडेटचं पुराण लावलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अपडेटच्या आधी चढावर पूर्ण पाय देऊन शेवटची कधी चालवली होती?"

मला आठवेना. चार-पाच महिने घर ते ऐरोली, ऐरोली ते घर, तेही ट्रॅफिकमध्ये. तिथे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोला फारसं कामच पडत नाही. म्हणजे ताकद गेली कधी, हे मला माहीतच नव्हतं. गेलेली कळली कधी, एवढंच माहीत होतं.

काकांनी स्टीअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. आधी इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरने १०० किलोपास्कल दाखवले. ठाणं समुद्राच्या पातळीला, बाहेरच्या हवेचा दाबही तेवढाच, म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. मग मी गाडी चालवायला आणि काका शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन, असे पुन्हा गायमुखला गेलो. चढावर या दाबाचे दोन आकडे शेजारी शेजारी दिसत होते. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मागत होता २२०, मिळत होते १५०.

इथे नीट लक्ष दे. सॉफ्टवेअरने ताकद कमी केली असती तर मागणीच कमी दिसली असती. मागणी पुरेपूर होती. कॉम्प्युटर हवा मागत होता आणि ती वाटेत कुठेतरी निसटत होती.

गॅरेजला परत येऊन काकांनी एअर फिल्टरच्या बाजूने पाईप बंद केला, कॉम्प्रेसरने बेताची हवा सोडली आणि पंक्चरवाले करतात तसं साबणाचं पाणी शिंपडलं. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी पाईपवर, अगदी क्लिपच्या कडेला, फेस फुगायला लागला. काकांनी क्लिप सोडून पाईप वाकवला तेव्हा बोटाच्या पेराएवढी चीर उघडली. भोवती तेलकट काळी धूळ थराने बसलेली. काका म्हणाले, "ही धूळ आठवड्याची नाही." पाईप सोडून दिला की चीर मिटायची, दिसायचीसुद्धा नाही. प्रेशर आलं की तोंड उघडायची.

जुन्या डिझेल गाड्या अशा वेळी काळा धूर ओकायच्या आणि मागचा माणूसच सांगायचा. बीएस६ गाडीत काजळी डीपीएफ, म्हणजे धुराच्या वाटेवरचा फिल्टर, अडवून धरतो, त्यामुळे धूर दिसत नाही आणि फिल्टर मात्र भरत जातो. आणखी दोन महिने मी अपडेटच्या नावाने बोटं मोडत बसलो असतो तर खर्च तिथवर पोचला असता.

नवा पाईप घातला. त्याच चढावर २१५ मिळाले. सुटताना किंचित अडखळायची, तेही काही दिवसांत गेलं. त्या मुलाला भेटून माफी मागितली. तो बिचारा चहा घ्या म्हणाला.

अपडेटने कधीच काही बिघडत नाही, असं मी म्हणत नाही. ते चालू असताना बॅटरीचं व्होल्टेज पडलं तर घोळ होतो, म्हणून बाहेरून सप्लाय लावला आहे ना ते विचार. पण गाडी ने. आणि नेण्याआधी कसारा घाटात एकदा पूर्ण पाय देऊन चढव, शेजारी वहिनींना बसव आणि ते दोन्ही आकडे त्यांना वहीत लिहायला सांग. नंतर पुन्हा तोच चढ, तोच गिअर. स्कॅनर काका द्यायला तयार आहेत, शनिवारी येणाऱ्या भाच्याबरोबर पाठवतो.

एक राहिलं. नुसती किल्ली फिरवल्यावर तुझ्याकडे १०० दिसणार नाहीत, ९४-९५ दिसतील. नाशिक ठाण्यापेक्षा जवळजवळ ६०० मीटर उंच आहे, तिथली हवाच तेवढी विरळ. सेन्सर बदलायला धावू नकोस.

वहिनींना नमस्कार, पिल्लांना गोड पापा.

तुझा,
ठाणेकर