ती फुले नव्हेत, म्हाताऱ्या!

महोदय,

वसंतपंचमीच्या निमित्ताने रविवार पुरवणीत आपण व्हिक्टर बोरिसॉव्ह-मुसातॉव्ह या रशियन चित्रकाराचे ‘वसंत’ छापलेत, त्याबद्दल आधी आभार. पण चित्राखालची ओळ वाचून राहवले नाही : ‘पांढऱ्या फुलांत रमलेली युवती’.

ती फुले नाहीत हो. डॅन्डेलियनचे पिवळे फूल सरले की देठावर कापसासारखा गोल उरतो, तो आहे. आपल्याकडे काटेसावरीचे बोंड उकलले की जी हवेत तरंगते आणि पोरे जिच्यामागे धावतात ती ‘म्हातारी’. त्याच जातीतल्या या. चेरी फुलांनी लगडलेली आणि खाली गवतात मात्र बहर संपूनसुद्धा गेलेला. गोल अजून शाबूत आहेत, पण पाठमोरी बाई त्यांच्यातूनच चालली आहे. झग्याचा घोळ लागायचा अवकाश. आपल्या लेखात ‘प्रतीकवादी’ हा शब्द तीनदा येतो आणि प्रतीक जिथे आहे, तिथलीच चित्राची दोन बोटे पट्टी जाहिरातीसाठी कापली गेली!

चूक कशी झाली असेल, याचा मला अंदाज आहे. छापखान्याच्या कॅमेरा विभागात माझी ३१ वर्षे गेली. वर्तमानपत्राच्या कागदावर हायलाइटमधले, म्हणजे चित्राच्या सर्वांत उजळ भागातले, शाईचे बारीक ठिपके टिकत नाहीत. ते उडाले की लव जाते आणि उरतो नुसता पांढरा टिकला. मग ओळ लिहिणाऱ्याला ते फूल वाटले तर त्याचा काय दोष? (मजेंटा, म्हणजे गुलाबी-लाल शाईही जास्त झाली आहे, गवत तपकिरी दिसते. असो.)

माझ्याकडे हे चित्र सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनात घेतलेल्या एका जुन्या पुस्तकात आहे. त्यात प्रत्येक गोलाची लव दिसते. मूळ चित्र सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे. १८९८ ते १९०१ अशी त्याची वर्षे. लहानपणी पडल्यामुळे चित्रकाराच्या पाठीला कुबड आले होते आणि १९०५ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी तो गेला. हे आपल्या लेखात यायला हवे होते.

चित्र पुन्हा छापणार असाल तर पूर्ण छापा. प्रूफ बघायला मी येईन. लालबागहून बस आहे, आणि चष्म्याचा नंबर अजून फार वाढलेला नाही.

– एक निवृत्त छपाई कामगार, लालबाग, मुंबई