लाल यादीतला द्राक्षवाला

संपादकसाहेब, नमस्कार.

फ्रान्सच्या शेतकऱ्यांनी हायवेवर ट्रॅक्टर लावले की आपल्या पेपरात फोटो येतो आणि विषय संपतो. मागची माणसं कोण हे कळतच नाही, म्हणून एकाबद्दल लिहितो. एमानुएल माफ्र-बोजे. दक्षिण फ्रान्समधल्या एरो जिल्ह्यातला द्राक्षवाला. वाईन पण भारी बाटलीतली नाही हां, रोजच्या जेवणातली साधी टेबल वाईन, जी टँकरने जाते आणि जिचा भाव शंभर लिटरवर आणि अल्कोहोलच्या डिग्रीवर ठरायचा. आपल्या दुधाचं फॅट लावतात ना, तसंच.

१९७० नंतर इटलीची स्वस्त वाईन जहाजाने सेत बंदरात उतरायला लागली, कॉमन मार्केट, म्हणजे युरोपातल्या काही देशांची सामायिक बाजारपेठ, असल्यामुळे जकात नाही, मग इथल्या मालाला विचारतो कोण! पोरं पेटली, टँकर फोडले, वाईन रस्त्यावर ओतली, आणि ४ मार्च १९७६ ला मोंत्रदों गावाजवळ गोळीबार होऊन एक शेतकरी आणि एक पोलीस अधिकारी असे दोघं गेले. माफ्र-बोजे तेव्हा या आंदोलनातलं मोठं नाव.

आणि १९७९ ला युरोपियन पार्लमेंटची पहिली थेट निवडणूक लागली तर हा बाबा कम्युनिस्टांच्या यादीतून उभा राहिला! पक्षाचा मेंबर नसताना. आपल्याकडे असं कुणी केलं तर दुसऱ्या दिवशी 'विकला गेला' म्हणून मोकळे. पण हिशोब बघा ना, स्पेनला कॉमन मार्केटमध्ये घेऊ नका असं कम्युनिस्ट ठणकावून सांगत होते आणि स्पेनची वाईन आली की आपण मेलो हे याला दिसत होतं. झेंड्याचा रंग बघत बसायला वेळ कुणाला होता?

तिथल्या लोकांना दुसरं टोकही माहीत होतं. १९०७ च्या द्राक्षवाल्यांच्या आंदोलनात त्यांचा पुढारी मार्सेलँ आल्बेर याच्या मागे मोंपेलिए शहरात पाच लाखांच्या आसपास लोक जमले, नंतर तो पंतप्रधान क्लेमांसोला भेटला, गावी परतायला त्याच्याकडून १०० फ्रँक घेतले आणि लोकांच्या लेखी संपला. रेल्वेच्या तिकिटापायी!

माफ्र-बोजे दहा वर्षं खासदार होता, तरी १ जानेवारी १९८६ ला स्पेन आत आलाच. पुढे वेली उपटायला शेतकऱ्यांना युरोपचं अनुदान मिळालं. मी मागच्या वर्षी दीड एकर बाग काढली, व्यापारी पैसे बुडवून पळाला होता, आणि जेसीबीचं भाडंही खिशातूनच भरलं.

एक द्राक्ष बागायतदार, निफाड