‘मिळाली नाही’ आणि ‘घेतली नाही’ : जर्मनीला परत पाठवलेल्या दुर्बिणीबाबत तक्रार

निफाड, जि. नाशिक
दिनांक : ५ मे २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन खरेदी विभाग, भारतातील कार्यालय, मुंबई

विषय : परदेशी विक्रेत्याने पाठवलेली सदोष दुर्बीण परत घेण्यास दिलेला नकार आणि आपण परस्पर बंद केलेली तक्रार

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी ६ जानेवारी २०२५ रोजी जर्मनीतील एका विक्रेत्याची ८×४२ मापाची दुर्बीण मागवली आणि वस्तूचे २८,९९० रुपये व पाठवणीचे २,३५० रुपये असे एकूण ३१,३४० रुपये आपल्याकडे भरले. ही खरेदी मी आपल्या अ‍ॅपवर मराठी भाषा निवडून केली होती आणि वस्तूच्या पानावरचे ‘३० दिवसांत विनाशुल्क परत’ हे आश्वासनही मराठीतच वाचले होते. म्हणून हे पत्रही मराठीतच लिहीत आहे. विक्रेत्याशी झालेला इंग्रजी पत्रव्यवहार जसाच्या तसा सोबत जोडला आहे.

दुर्बीण २१ जानेवारीला कुरियरने घरपोच आली. त्याआधी कुरियर कंपनीने माझी ओळखपत्रे मागवून घेतली आणि १७ जानेवारीला माल मुंबईत सीमाशुल्क विभागाकडून सोडवला. त्यापोटी आयात शुल्क, अधिभार आणि एकात्मिक वस्तू व सेवा कर धरून ११,८६२ रुपये मी दारात भरले. या व्यवहारात आयातदार म्हणून माझेच नाव लागणार आहे आणि हा खर्च वेगळा येणार आहे, याचा उल्लेख खरेदीच्या पानावर मला कुठेही आढळला नव्हता. तरीही त्याबद्दल मी तक्रार केली नाही, कारण वस्तू चांगली निघाली असती तर तो खर्च मी सोसला असता.

वस्तू चांगली निघाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती घेऊन नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर गेलो. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पक्षी उतरतात आणि त्यांच्यासाठीच ही खरेदी होती. काठापासून थोड्या अंतरावर हळदीकुंकू बदकांची जोडी होती. या बदकाच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे असते, त्यामुळे ते लांबूनही ओळखता येते. मला मात्र प्रत्येक बदकाला दोन चोची दिसत होत्या, एक किंचित वर आणि एक किंचित खाली. डोळ्यांमधील अंतराचा बिजागर कसाही फिरवला तरी दोन्ही वर्तुळे एकमेकांवर बसेनात आणि दहा मिनिटांत कपाळ दुखू लागले. घरी आल्यावर मी समोरच्या घराच्या पत्र्याची आडवी कड पाहत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दूर नेली, तेव्हा एका नळीतली कड दुसरीतल्या कडेपेक्षा स्पष्टपणे खाली होती. दोन्ही नळ्यांचे अक्ष समांतर नसल्याची ही खूण आहे. आतील लोलक जागेवरून सरकले की असे होते आणि ते वापरणाऱ्याला घरी दुरुस्त करता येत नाही.

दुसरा दोष त्याहून बोलका होता. निफाडच्या जानेवारीतील थंडी आपल्याला ऐकून माहीत असेल. त्या थंडीतून घराच्या उबेत दुर्बीण आणली की काचेवर बाहेरून दव धरते आणि ते रुमालाने पुसले जाते. डाव्या नळीतले बाष्प मात्र पुढच्या भिंगाच्या आतल्या बाजूला होते आणि ऊन वर आल्यावर त्याचे बारीक थेंब होऊन कडेला जमले. आपल्या पानावर ही दुर्बीण ‘नायट्रोजन भरलेली, जलरोधक, आतून बाष्प न धरणारी’ अशी वर्णिलेली आहे. नळीत कोरडा नायट्रोजन असेल आणि जोड बंद असतील तर आत पाणी येण्यास वाव राहत नाही. थोडक्यात, जे वर्णन वाचून मी पैसे भरले त्याच्याशी ही वस्तू जुळत नाही.

मी त्याच संध्याकाळी, म्हणजे २२ जानेवारीला, आपल्या अ‍ॅपवरून परतीची मागणी नोंदवली. विक्रेत्याने आधी उजव्या नेत्रिकेवरचे कडे फिरवून पाहण्यास सांगितले. ते कडे दोन डोळ्यांच्या नजरेतील फरक जुळवण्यासाठी असते, सरकलेला अक्ष त्याने सरळ होत नाही, हे मी कळवले. मग छायाचित्रे मागितली, ती दिली. मग चलचित्र मागितले, तेही दिले. त्यानंतर ‘भारतातील दमट हवामानामुळे’ बाष्प धरल्याचे उत्तर आले. बाष्प दिसले तेव्हा वस्तू माझ्या घरी येऊन जेमतेम एक दिवस झाला होता आणि निफाडचा जानेवारी आणखी काहीही असला तरी दमट नसतो. या सगळ्यात एक महिना गेला आणि परतीची परवानगी अखेर २४ फेब्रुवारीला मिळाली.

हा महिना माझ्या दृष्टीने फार महागाचा ठरला. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २६अ नुसार आयात केलेली वस्तू सदोष किंवा ठरल्याप्रमाणे नसलेली निघाली, आणि दोष शोधण्यापुरताच तिचा वापर झालेला असला, तर भरलेले आयात शुल्क परत मिळू शकते. मात्र त्यासाठी माल सोडवण्याचा आदेश झाल्यापासून ३० दिवसांत ती पुन्हा निर्यात व्हावी लागते आणि मुदतवाढ हवी असल्यास ती सीमाशुल्क आयुक्तांकडून मिळवावी लागते. माझी ३० दिवसांची मुदत १६ फेब्रुवारीला संपली. त्या दिवशी विक्रेता माझ्याकडे आणखी एका चलचित्राची मागणी करत होता. हे कलम मला तेव्हा ठाऊक नव्हते, हा माझा अज्ञानाचा भाग मी मान्य करतो. परंतु परदेशी विक्रेत्यांचा माल रोज भारतात विकणाऱ्या आपल्या कंपनीला ते ठाऊक नसेल, हे मानणे मला कठीण जाते.

परवानगीच्या संदेशात विक्रेत्याने दोन अटी घातल्या होत्या. पहिली, परतीचे टपाल मी स्वखर्चाने करावे. ही अट ‘विनाशुल्क परत’ या आपल्या आश्वासनाच्या थेट विरुद्ध होती. दुसरी अट अधिक गंभीर होती. पार्सलावर ‘भेटवस्तू, किंमत २० युरो’ असे लिहावे, असे त्याने सुचवले होते. युरोपीय संघात एका खाजगी व्यक्तीने दुसऱ्या खाजगी व्यक्तीला पाठवलेली ४५ युरोपर्यंतची भेट करमुक्त असते, आणि त्या सवलतीत बसवण्यासाठी मी खोटी घोषणा करावी अशी त्याची अपेक्षा होती. मी नकार दिला. सीमाशुल्काच्या कागदावर माझ्या सहीखाली खोटी किंमत मी लिहिणार नाही, आणि पार्सल वाटेत गहाळ झाले असते तर भरपाईही त्याच २० युरोंच्या हिशेबाने मागावी लागली असती.

म्हणून २७ फेब्रुवारीला मी दुर्बीण मूळ खोक्यात, मूळ बिलाच्या प्रतीसह, आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टाने पाठवली. त्यासाठी २,४८० रुपये लागले. सीएन २३ या घोषणापत्रात ‘परत पाठवलेला माल’ या चौकटीत खूण केली, खरी किंमत लिहिली आणि मूळ ऑर्डरचा क्रमांकही टाकला. युरोपीय संघातून बाहेर गेलेला माल तीन वर्षांच्या आत, त्याच स्थितीत परत आला तर आयात करातून सूट मिळण्याची सोय तेथील सीमाशुल्क कायद्यातच आहे. मात्र तिच्यासाठी माल घेणाऱ्याने अर्ज करून कागदपत्रे दाखवावी लागतात. हे काम विक्रेत्याचे होते आणि त्याला लागणारा प्रत्येक कागद मी त्या खोक्यात घातला होता.

टपालाच्या नोंदीनुसार पार्सल १० मार्चला जर्मनीच्या सीमाशुल्क विभागापुढे पोहोचले आणि २६ मार्चला ‘प्राप्तकर्त्याने नाकारले’ अशी नोंद झाली. दोनच दिवसांनी, २८ मार्चला, आपल्या ग्राहक सेवा विभागाने मला पुढील आशयाचा संदेश पाठवून तक्रार बंद केली : विक्रेत्याला वस्तू मिळाली नसल्यामुळे परतावा देता येत नाही.

माझा मुख्य आक्षेप या एका वाक्यावर आहे. मी एका सहकारी संस्थेत चौतीस वर्षे आवक-जावक आणि हिशेब सांभाळला. आवक नोंदवहीत ‘आले नाही’ आणि ‘नाकारून परत’ हे दोन वेगळे शेरे असतात, कारण पहिल्यात जबाबदारी पाठवणाऱ्याची किंवा वाहतूकदाराची राहते आणि दुसऱ्यात ती नाकारणाऱ्यावर जाते. माझी दुर्बीण विक्रेत्याला मिळाली नाही असे नव्हे, ती त्याने घेतली नाही. पार्सल २२ एप्रिलला माझ्याकडे परत आले, तेव्हा खोक्याच्या कोपऱ्यावर टपाल खात्याची छोटी चिठ्ठी होती. आंतरराष्ट्रीय टपालाची भाषा फ्रेंच असल्याने तिच्यावर कारणांची फ्रेंच यादी छापलेली होती आणि त्यातील ‘रफ्युझे’, म्हणजे नाकारले, या शब्दापुढच्या चौकटीत निळ्या शाईने फुली मारलेली होती. ‘पत्ता अपुरा’, ‘मागणी झाली नाही’ वगैरे बाकी सर्व चौकटी कोऱ्या होत्या. या चिठ्ठीचे छायाचित्र सोबत आहे. (परत आलेल्या पार्सलावर मला पुन्हा शुल्क भरावे लागले नाही, कारण निर्यातीची पावती मी जपून ठेवली होती.)

आता कायद्याविषयी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे भारतात स्थापन न झालेल्या, पण भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे वस्तू विकणाऱ्या संस्थांनाही लागू आहेत. त्यांतील नियम ६ प्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीतील वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये सदोष वस्तू परत न घेणे आणि बिलात सांगितलेल्या मुदतीत, किंवा तशी मुदत नसल्यास तीस दिवसांत, पैसे परत न करणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे. आपण बाजारपेठ चालवता, विक्रेते नाही, ही भूमिका आपण घ्याल याची मला कल्पना आहे. परंतु पैसे आपण स्वीकारले, परतीची हमी आपल्या नावाने छापलेली होती आणि तक्रार बंद करण्याचा निर्णयही आपलाच होता. शिवाय तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एक महिन्यात तिचे निवारण करावे, असे नियम ४ सांगतो. मी आपल्याला २९ मार्चला ई-मेल केला, त्याच दिवशी यंत्राने पाठवलेली पोच आली आणि त्यानंतर आजपर्यंत एक ओळही आलेली नाही.

तेव्हा माझी मागणी अशी आहे की, बंद केलेली तक्रार आपण नव्या क्रमांकाने पुन्हा उघडावी आणि वस्तू व पाठवणीचे ३१,३४० रुपये, परतीच्या टपालाचे २,४८० रुपये आणि विक्रेत्याच्या दिरंगाईमुळे परत मागता न आलेले आयात शुल्क ११,८६२ रुपये, असे एकूण ४५,६८२ रुपये माझ्या मूळ खात्यात जमा करावेत. त्याचबरोबर, नियम ५ नुसार ग्राहकाने लेखी मागणी केल्यास बाजारपेठ चालवणाऱ्या संस्थेने विक्रेत्याच्या मुख्यालयाचा व शाखांचा पत्ता, संकेतस्थळ, ई-मेल इत्यादी तपशील देणे बंधनकारक आहे. हे पत्र ती लेखी मागणी समजावी. खोटी किंमत लिहिण्याची सूचना करणाऱ्या विक्रेत्यावर आपण काय कारवाई केली, हेही कळवावे. माझ्या मनस्तापाची किंमत मी या पत्रात लावलेली नाही. वेळ आली तर ती ग्राहक आयोगापुढे मांडेन.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगात दाद मागण्याची सोय २०१९ च्या कायद्याने केलेली आहे आणि माझ्या रकमेला तेथे शुल्कही पडत नाही. विक्रेता जर्मनीत आहे, म्हणून मी तिकडे जावे किंवा आपण त्याच्याकडे बोट दाखवून बाजूला व्हावे, हे मला मान्य नाही.

दुर्बीण परत आल्यापासून मी ते खोके उघडलेले नाही. टपाल खात्याची पट्टी आणि ती फ्रेंच चिठ्ठी जशीच्या तशी आहे. आपण आपल्या खर्चाने माणूस पाठवल्यास, आदल्या दिवशी दूरध्वनी करावा. खोके त्याच्या हाती देताना पट्टी शाबूत असल्याची त्याची सही मी घेईन आणि पोचपावतीवर ‘मिळाली’ असे स्वच्छ अक्षरात लिहून घेईन.

सोबत खरेदीचे बिल, शुल्क भरल्याची पावती, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार, टपालाची पावती व प्रवासाची नोंद, तसेच खोक्याची आणि दुर्बिणीतील बाष्पाची छायाचित्रे जोडली आहेत.

आपला,
(सही)
ऑर्डरवर नाव असलेला ग्राहक, निफाड