लेखाच्या डोक्यावर पाटी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपण विश्वामित्री नदीच्या पुरात वस्तीत शिरलेल्या मगरींनाही घरपट्टी लावा असं सुचवणारा लेख छापलात. सोमवारी सकाळी माझे धाकटे दीर तो अंक घेऊन दारात उभे. "वहिनी, ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी माझ्या घरात कमरेएवढं होतं. आणि यांना मगरींचं कौतुक सुचतंय?" अशा लेखांवर 'उपहासात्मक' अशी पाटी छापा, असं पत्र ते आपल्याला धाडणार होते. त्याआधी मी लिहिते आहे: कृपा करून पाटी लावू नका.

मी 31 वर्षं मराठी शिकवलं. भाऊजींच्या हाती पेन्सिल दिली आणि लेखातल्या स्तुतीच्या शब्दांखाली रेघा मारायला सांगितलं. 'शिस्तप्रिय मगरी' झालं. 'दूरदर्शी नियोजन' आलं तशी पेन्सिल थांबली. ही व्याजस्तुती, वरून वाहवा, आतून निंदा. फटका कुणाला बसतोय एवढं विचारलं की उलगडा होतो. इथे तो नदीचं पात्र आवळू देणाऱ्यांना होता.

बोलणारा 'मी' लेखक नसतो, तेव्हा वाचणं आणखी अवघड. आयरिश लेखक जोनाथन स्विफ्टने 1729 मध्ये आयर्लंडच्या गरिबीवर उपाय म्हणून गरिबांची एक लाख मुलं खाण्यासाठी विकावीत, असा प्रस्ताव लिहिला. सूर हिशेबनिसाचा, धष्टपुष्ट मुलाचा भाव दहा शिलिंग. आणि खरे उपाय, परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर, देशी मालाचा वापर, त्याच लेखात आहेत. पण 'हे मला सांगूच नका' म्हणून झटकून टाकलेले. वर पाटी असती तर कुणाच्या अंगावर काटा आला असता? आपल्या बडोद्यात पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींचा हात मऊ, पण रीत तीच: चिमणराव भाबडेपणाने सांगत जातात आणि त्यांना न दिसलेलं वाचकाला दिसतं.

एक तक्रार मात्र माझीही आहे. गच्चीवर रात्र काढणाऱ्यांना 'फुकटात नदीदर्शन' घडलं, या वाक्यात फटका ज्याचं घर बुडालं त्यालाच बसतो. भाऊजींनी त्याखाली दोन रेघा मारल्या, त्या मी खोडल्या नाहीत. त्या रात्री ते दोघं गच्चीवरच होते आणि जाऊबाईंचं इन्सुलिन खाली फ्रीजमध्ये राहिलं होतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे