अंड्यांच्या आकड्यावर जाऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीतला मासेमारीवरचा लेख वाचला, चांगलाय, पण मासे लाखांनी अंडी घालतात म्हणून चार वर्षं जाळी बंद ठेवली की समुद्र परत भरतो हे वाक्य काही पटलं नाही. सगळ्या माशांना एकाच मापाने कसं काय मोजलंत?

ऑरेंज रफीचंच घ्या. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाकडे जवळपास 1 किलोमीटर खोल पाण्यात सापडतो, लांबीला जेमतेम हातभर. याचं मूळ नाव स्लाइमहेड, म्हणजे बुळबुळीत डोक्याचा, त्या नावाने कोण ताटात घेणार म्हणून विकताना बदललं. 1970 चं दशक संपता संपता न्यूझीलंडजवळ याची मोठी मासेमारी सुरू झाली, तेव्हा लोकांना वाटलं हा पण इतरांसारखाच पटकन वाढणारा असेल. नंतर माशाच्या कानातल्या खड्याचे पातळ काप काढून वलयं मोजली, किरणोत्सारी शिशावरून पडताळणी केली, तर हा पठ्ठ्या 100 च्या पुढे आरामात जगतो, काही तर 200 पार केलेले निघाले! म्हणजे 1980 च्या आसपास जाळ्यात आलेले कितीतरी मासे विमानाचा शोध लागायच्या आधी जन्मलेले असणार.

आता खरी गोम. इतकं जगणारा मासा वयातच येतो पंचविशी-तिशीला. मादीची अंडी हजारांत, कॉड माशासारखी लाखांत नाही, आणि प्रत्येक मादी दरवर्षी घालतेच असंही नाही. वर पिल्लं भरपूर वाचली असं वर्ष कधीतरीच उजाडतं, त्याची वाट बघायला म्हातारे मासे शिल्लक लागतात, आणि मोठी जाळी आधी नेमके तेच उचलतात. आयुष्य कमी धरलं की आपोआप मरणारे मासे जास्त धरले जातात, मग दरवर्षी किती पकडायचे तो आकडा पण फुगतो, खरं तर आपोआप मरतात वर्षाला 100 मधले चार-पाच.

अजून एक, हे मासे अंडी घालायला समुद्रातल्या डोंगरांवर गर्दी करतात, तिथे जाळं टाकलं की काही मिनिटांत टनांनी माल वर येतो, त्यामुळे साठा निम्म्यावर आला तरी बोटीवरच्याला पत्ता लागत नाही. शेवटी 2006 मध्ये ऑस्ट्रेलियाने त्याला संरक्षणावर अवलंबून असलेल्या जातींत टाकलं.

तेव्हा पुढच्या लेखात अंड्यांचा आकडा जरूर छापा, पण शेजारी तो मासा कितव्या वर्षी वयात येतो ते पण छापा.

तुमचा एक वाचक