मेमरीची देखरेख नीट बसवून दिल्याबद्दल

प्रिय ताई,

ईसी-टू, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर मेमरीची देखरेख बसवायला तुम्ही जी मदत केलीत, तिच्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र जाहीर लिहितोय, कारण तुम्ही सांगितलेलं आणखी कितीतरी जणांच्या कामी येईल.

क्लाउडवॉच (अ‍ॅमेझॉनची देखरेखीची सेवा) सीपीयू आणि नेटवर्कचे आकडे आपोआप दाखवतं, मेमरीचे नाही. मशीनला किती मेमरी दिली, एवढंच हायपरवायझरला (एका यंत्रावर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) बाहेरून कळतं. आतल्या लिनक्सने त्यातली किती वापरली ते आतूनच विचारावं लागतं, म्हणून क्लाउडवॉच एजंट हा आकडे पाठवणारा प्रोग्रॅम मशीनवर टाकायचा. इथवर बहुतेक जण पोचतात. पुढचं तुमच्याकडून मिळालं.

‘फ्री’चा आकडा बघून घाबरू नका, हे तुम्ही ठासून सांगितलंत. रिकामी मेमरी लिनक्स फाइल कॅशला (वाचलेल्या फायली हाताशी ठेवायला) वापरतं आणि गरज पडली की त्यातली बरीचशी सोडतं. म्हणून दर ६० सेकंदांनी ‘मेम अव्हेलेबल पर्सेंट’ (खरोखर मिळू शकणाऱ्या मेमरीची टक्केवारी) घ्यायचा, जोडीला स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा). इशाऱ्यासाठी १० टक्के सरसकट लावायचे नाहीत, कारण ८ जीबीच्या मशीनवर ते जेमतेम ८०० एमबी होतात आणि ६४ जीबीच्या मशीनवर सहा जीबीहून जास्त.

आकडे आलेच नाहीत तर आधी एजंटचा लॉग उघडायचा. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ दिसलं तर मशीनच्या आयएएम रोलला (तिला दिलेल्या परवानग्यांच्या संचाला) ‘क्लाउडवॉच एजंट सर्व्हर पॉलिसी’ जोडायची राहिलेली असते. टाइमआउट असेल तर प्रायव्हेट सबनेटमधून (इंटरनेटला थेट न जोडलेल्या नेटवर्कमधून) बाहेर जायची वाट तपासायची, म्हणजे नॅट (इंटरनेटकडे नेणारा) किंवा व्हीपीसी एंडपॉइंट (इंटरनेटविना थेट अ‍ॅमेझॉनच्या सेवेकडे नेणारा). अ‍ॅक्सेस की (खात्याची गुप्त किल्ली) कॉन्फिगमध्ये लिहून वेळ मारून न्यायची नाही.

सगळ्यात मोलाचा सल्ला न आलेल्या आकड्यांबद्दलचा. मेमरी संपली की ओओएम किलर (मेमरी मोकळी करायला प्रोग्रॅम बंद पाडणारा लिनक्सचा भाग) एजंटलाही मारू शकतो. मग आलेख नेमका हवा तेव्हाच तुटतो आणि अलार्म नुसता ‘इन्सफिशंट डेटा’वर जाऊन बसतो. त्यामुळे मिसिंग डेटा ‘ब्रीचिंग’ (मर्यादा ओलांडली असं) धरायचा, आणि सिस्टमडीमध्ये (लिनक्सवरचे प्रोग्रॅम चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेत) एजंटचा ‘ओओएम स्कोअर अ‍ॅडजस्ट’ उणे ५०० ठेवायचा, म्हणजे तो सहसा मारला जात नाही. रात्री मुद्दाम बंद होणाऱ्या मशीनला हा नियम लावायचा नाही, नाहीतर रोज खोटा इशारा येतो आणि लोक खऱ्याकडेही बघेनासे होतात.

कंटेनरचं (मशीनवर वेगळ्या चौकटीत चालणाऱ्या अ‍ॅपचं) तुम्ही आठवणीने सांगितलंत, हे विशेष. मशीनवर भरपूर मेमरी शिल्लक असते आणि कंटेनर १३७ कोड (सक्तीने बंद पाडल्याची खूण) देऊन मरतो. त्याची स्वतःची सीग्रुप मर्यादा (लिनक्सने त्याला ठरवून दिलेली मेमरीची कमाल) भरलेली असते, ती मशीनच्या आलेखात दिसत नाही. त्यासाठी सीग्रुपच्या ‘मेमरी इव्हेंट्स’मधला ‘ओओएम किल’ मोजायचा. एक मात्र खरं, डायमेन्शनची (आकड्याला लावलेल्या मशीन, कंटेनर अशा लेबलांची) प्रत्येक नवी जोडणी म्हणजे बिलात वेगळा मेट्रिक, तेव्हा मोजून घ्यावेत.

चाचणीच्या मशीनवर स्ट्रेस-एनजीने (मशीनवर मुद्दाम ताण देणाऱ्या साधनाने) मेमरी भरून बघायची, मग एजंट बंद करून आकडे न आल्याचा दुसरा इशारा येतो का तेही बघायचं. तुमच्यामुळे ही दोन्ही पावलं आता आमच्या प्रत्येक नव्या सर्व्हरच्या यादीत आहेत.

आपली,
सर्व्हर सांभाळणारी मंडळी